खंय लिवलेला आसा?

कायतान मस्कतहून आला तेव्हा बॅगेत
खजूर, साबण, एक इस्त्री
आणि काळ्या चामड्यातलं एकच पुस्तक.
बाकी सगळ्याला त्याचा एकच प्रश्न:
ह्या खंय लिवलेला आसा?

खुर्सापुढची मेणबत्ती. खंय लिवलेला आसा?
मे महिन्यात लादाईनीला वाटतात ते उकडलेले चणे,
नोव्हेंबरात आईच्या नावाची मीस,
सांत आंतोनीला उलटा ठेवून हरवलेली किल्ली मागणं.
(ह्यावर मीही हसले. किल्ली मात्र सापडली होती.)

प्रश्नाचा मला राग नव्हता.
राग आला तो पापांची वही
त्याने ओट्यावर आणून ठेवली,
बाजूला काडेपेटी, त्याचा.

पापा म्हणजे बस्त्याव मेस्त. दिवसा वेंगुर्ल्याच्या बंदरावर
होड्या जोडायचे, संध्याकाळी चर्चमध्ये व्हायोलिन.
वहीला राळेचा वास. आत देवनागरीतलं लॅटिन,
ज्याचा अर्थ त्यांनाही अर्धाच ठाऊक,
आणि कुठल्या कुठल्या पाद्रींचे शेरमांव,
ऐकून घरी येईपर्यंत जेवढे लक्षात राहिले तेवढे.

त्या रात्री वीज गेली होती.
कायतान कंदिलाशी वादळाची गोष्ट वाचत होता,
त्याची रेजीन मांडीवर. आठ वर्षांची,
होडीत कधी पाय न ठेवलेली.
येशू वरामावर निजला होता, असं आलं
तशी ती म्हणाली, वरामा म्हणजे?

कायतान थांबला.
मागच्या ओळीत पाहिलं, पुढच्या ओळीत पाहिलं.
एसी दुरुस्त करण्यात बावीस वर्षं गेलेली,
शब्द कधीतरी ऐकलेला, पण हाताला येईना.
पुस्तकात होता. पुस्तकाला विचारता येत नव्हता.

मी काही बोलले नाही. वही उघडली.
पेन्सिलीनं काढलेली होडी, प्रत्येक फळीला नाव,
आणि मागच्या टोकाशी पापांचं तिरकं अक्षर:
*वरामा. सुकाणू हयसरच आसता.
म्हणजे जेजू सुकाणूच्या कुशीत निजलो.
तेका उठवलास तर आधी वाऱ्यार रागावता,
मगे तुझ्यार.*

रेजीन हसली. कायताननं दोनदा वाचलं.
म्हणाला, ह्या… आणि पुढे काही म्हणाला नाही.

तेव्हाच मी थांबायला हवं होतं.
जिंकल्यासारखं वाटून मी पान उलटलं.

*लादाईनीची पयली ओळ भाटकाराच्या घरान म्हणूची.
रेंदेरांनी मागसून.*
तीच शाई. तोच तिरका र.
आमची शेजारीण पास्कू, रेंदेराची,
अख्ख्या वाड्यात तिच्यासारखा गळा नव्हता.
सत्तावीस वर्षं ती मागसून गायली,
आणि आम्ही म्हणायचो, पद्धत आहे.

मी मेलेल्या माणसाला मोठ्यानं विचारलं,
पापा, ह्या खंय लिवलेला आसा?

पान फाडायला घेतलं तर कायताननंच हात धरला.
फाडू नको. रेघ मार.
आपण काय काय मानीत होतो
ता वाचणाऱ्याक कळूक होया.

काडेपेटी कधी चुलीपाशी परत गेली, कळलं नाही.

पुढे एकदा त्याचं पुस्तक उघडं दिसलं.
वादळाच्या पानावर, कोऱ्या कडेला, बारीक पेन्सिलीत:
वरामा = होडीचो मागलो भाग. पापा.
खोडून पुन्हा लिहिलेलं होतं.

लादाईनीला मात्र तो आला नाही.
खुर्सापासून वीस पावलांवर, वळणावर
हाताची घडी घालून उभा राहिला.
पहिली ओळ पास्कूच्या नातीनं म्हटली, जरा घाबरत.
रेजीन त्याच्यासाठी पुडीत चणे घेऊन गेली.
खाल्ले की नाही,
ते कुठं लिहिलेलं नाही.